कोड स्वस्त झाला, तपासणीचे काय?

महोदय,

एआयमुळे सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या बुडणार का, यावर सध्या गोव्यात घरोघरी बोलले जाते. बारावीच्या मुलांचे पालक विचारतात, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यावा की नको? हॉटेलवाले, पतसंस्थांचे संचालक आणि देवस्थान समित्यांचे पदाधिकारी विचारतात, आता एआय सगळे लिहून देते, मग तुम्ही दर का कमी करत नाही? आम्ही पणजी, पर्वरी आणि मडगाव भागात सॉफ्टवेअर तयार करण्याच्या व सांभाळण्याच्या व्यवसायात आहोत. दोन्ही प्रश्न रास्त आहेत असे आम्हाला वाटते. कोड लिहिणे खरोखरच स्वस्त झाले आहे. तो बरोबर आहे याची हमी घेणे मात्र स्वस्त झालेले नाही, आणि आपल्याकडे पैसा, वेळ व शिक्षण अजूनही लिहिण्यावरच खर्च होते आहे. या पत्राचा मुद्दा एवढाच आहे, पण तो तपशिलात गेल्याशिवाय पटत नाही.

आधी एआयचे श्रेय एआयला देऊ. २०२१ मध्ये गिटहब कोपायलट आले तेव्हा ते अर्धी ओळ लिहिली की उरलेली सुचवत असे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि लोक प्रश्न विचारून कोड मागू लागले. २०२५ पासून ज्यांना एजंट म्हणतात ती साधने पूर्ण प्रकल्पाच्या फाइल वाचतात, त्यात बदल करतात, टेस्ट, म्हणजे कोड तपासणाऱ्या चाचण्या, चालवतात, चूक निघाली की पुन्हा दुरुस्त करतात. लॉगिनचे पान, एक्सेलमध्ये अहवाल काढणे, एका डेटाबेसमधून दुसऱ्यात माहिती नेण्याची स्क्रिप्ट, अशी दोन दिवसांची कामे आता दुपारच्या जेवणापर्यंत होतात. गोव्यात आणखी एक मोठा फायदा आहे. इथल्या कितीतरी जुन्या हॉटेलांत आणि संस्थांत व्हिज्युअल बेसिकमध्ये किंवा फॉक्सप्रोमध्ये लिहिलेली सॉफ्टवेअर अजून चालू आहेत आणि ती लिहिणारा माणूस कधीच परदेशी निघून गेला आहे. असा कोड वाचून त्यात काय चालले आहे ते समजावून सांगणे एआयला चांगले जमते. हे काम करायला पूर्वी माणूस मिळत नसे.

आता एक साधे काम घ्या: कळंगुट किंवा कोलव्यातील मध्यम हॉटेलसाठी खोलीच्या बिलावर जीएसटी लावणे. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका खोलीचे एका दिवसाचे भाडे ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के कर लागतो, आणि हॉटेलला इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही. भाडे त्याहून जास्त असेल तर १८ टक्के. त्याआधी खालच्या गटाला १२ टक्के होता. एआयला नुसते ‘हॉटेलसाठी जीएसटीचे फंक्शन (हिशेब करणारा कोडचा तुकडा) लिही’ म्हटले की ते अर्ध्या मिनिटात लिहून देते, पण त्यात १२ टक्के येण्याची शक्यता मोठी असते. कारण एआयमागच्या मॉडेलचे शिक्षण एका तारखेपाशी थांबलेले असते, आणि इंटरनेटवर २०१७ पासूनची सगळी कोष्टके पडून आहेत: १,००० रुपयांखालील खोलीला करमाफी होती ते, वरच्या गटाला २८ टक्के होते ते, १२ टक्क्यांचे. मॉडेलला आजचे कोष्टक आपण द्यावे लागते, आणि ते दर कोडमध्ये न लिहिता तारखेसह वेगळ्या टेबलमध्ये ठेवायला सांगावे लागते.

समजा दर बरोबर दिले. तरीही एक खड्डा उरतो, तो मात्र एआय स्वतःहून दाखवत नाही. अनेक हॉटेले संकेतस्थळावर करासह भाडे लावतात. समजा करासह ८,००० रुपये. ५ टक्के धरून मूळ भाडे काढले तर ८,००० भागिले १.०५, म्हणजे ७,६१९ रुपये. हे ७,५०० च्या वर जाते, म्हणून १८ टक्के लावायला हवेत. १८ टक्के धरून काढले तर ६,७८० रुपये येतात. हे ७,५०० च्या आत आहे, म्हणून ५ टक्के लावायला हवेत. कुठल्याही बाजूने गेलात तरी हिशेब स्वतःलाच खोटा पाडतो. करासह ७,८७५ च्या वर आणि ८,८५० पर्यंतच्या प्रत्येक भाड्याचे हेच होते. एआयने लिहिलेला कोड इथे अडखळत नाही. त्यात जी अट आधी लिहिली गेली असेल तिच्याप्रमाणे तो गुपचूप बिल छापतो, आणि बिल दिसायला व्यवस्थित असते. खरे उत्तर कोडमध्ये नाहीच. या पट्ट्यात करासह भाडे लावायचे नाही, कराशिवायचे भाडे आधी ठरवायचे, हा निर्णय मालकाने आणि सीएने घ्यायचा असतो. तो प्रश्न त्यांच्यापुढे ठेवणारा माणूस लागतो.

दर बदलला त्या दिवसाचेही तसेच. ऑगस्टमध्ये आगाऊ पैसे भरले, पाहुणा ऑक्टोबरमध्ये राहिला, बिल निघताना दिले. तर केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १४ प्रमाणे बिलाची तारीख धरली जाते आणि नवा दर लागतो. पण बिल आणि पैसे दोन्ही बदलाच्या आधीचे असतील तर जुना. हे चार-पाच प्रकार कोणी लिहून दिले नाहीत तर एआय ‘चेक-इनची तारीख’ धरून मोकळे होते.

तारखेवरून आणखी एक. क्लाउडवरचे सर्व्हर बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतात, आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. मोपा किंवा दाबोळीवर रात्री उशिरा विमान उतरून पाहुणा पहाटे २ वाजता चेक-इन करतो, तेव्हा यूटीसीत आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. एआय सहसा ‘आजची तारीख’ सर्व्हरला विचारते. मग पाहुण्याची नोंद आदल्या दिवशी पडते, नाइट ऑडिट (हॉटेलचा रोजचा रात्रीचा हिशेब) जुळत नाही, नववर्षाच्या रात्रीचा वाढीव दर चुकीच्या दिवशी लागतो, परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत कळवायची असते त्या मुदतीचा हिशेबही घसरतो. दुपारी टेस्ट करणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही, कारण दुपारी दोन्ही घड्याळांत तारीख एकच असते.

आणि नावे. गोव्यात डि’सोझा, डि’कॉस्ता, डि’मेलो यांच्याशिवाय कुठलीही यादी पूर्ण होत नाही. इंग्रजीत त्या नावात वरचा स्वल्पविराम असतो, आणि डेटाबेसच्या भाषेत त्याच चिन्हाने मजकूर संपतो. घाईत मागितलेल्या कोडमध्ये नाव थेट क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञेत, चिकटवलेले असेल तर डि’सोझांचे बुकिंग सेव्हच होत नाही. ही नुसती गैरसोय नाही. तिथेच बाहेरचा माणूस फॉर्ममध्ये आज्ञा लिहून डेटाबेस उघडू शकतो. नाव आज्ञेत न मिसळता वेगळ्या पॅरामीटरने पाठवणे हा त्यावरचा जुना आणि पक्का उपाय आहे. चांगली मॉडेले आता बहुतेक वेळा तसेच लिहितात, पण ‘बहुतेक वेळा’च्या भरवशावर पाहुण्यांच्या पासपोर्टच्या प्रती ठेवता येत नाहीत.

देवनागरी छपाईचा प्रश्न तर फक्त कागद पाहूनच कळतो. पीडीएफ तयार करणाऱ्या अनेक लायब्ररींना (तयार कोडच्या संचांना) देवनागरीची जोडणी नीट येत नाही. देवस्थानाच्या पावतीवर ‘शांतादुर्गा’मधला रफार सुटून पाय मोडलेला र वेगळा उभा राहतो, ‘विजयादशमी’तल्या ‘वि’ची वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाते. एआय फाइलमधला मजकूर वाचून ‘बरोबर आहे’ सांगते, कारण मजकूर बरोबरच असतो, छापलेले अक्षर चुकलेले असते. पावती प्रिंटरवर काढून मराठी वाचणाऱ्या माणसाने डोळ्यांखालून घातलीच पाहिजे.

यावर ‘मग टेस्टही एआयकडूनच लिहून घ्या’ असा सल्ला मिळतो. घ्याव्यात, पण त्यावर विसंबू नये. कोड लिहिणारे तेच साधन टेस्ट लिहिते तेव्हा गैरसमज दोन्हीकडे एकच असतो. वरच्या हॉटेलच्या फंक्शनला ते ६,००० आणि ९,००० च्या टेस्ट लिहिते आणि दोन्ही पास होतात. त्याहून वाईट म्हणजे टेस्ट नापास झाली की काही वेळा एजंट कोड दुरुस्त करण्याऐवजी टेस्टमधली अपेक्षित रक्कमच बदलतो. म्हणून क्रम उलटा ठेवावा. आधी हॉटेलच्या अकाउंटंटने आणि फ्रंट ऑफिसच्या माणसाने एक्सेलमध्ये दहा-पंधरा ओळी भराव्यात: कराशिवाय ७,४९९, ७,५००, ७,५०१, करासह ७,८७५, ८,०००, ८,८५१, २१ आणि २२ सप्टेंबरचे मुक्काम, आगाऊ रक्कम आधी व बिल नंतर, पहाटे २ चे चेक-इन, डि’सोझा नाव. प्रत्येकापुढे अपेक्षित उत्तर, आणि जिथे उत्तर नाही तिथे ‘मालकाला विचारा’. त्यावरून टेस्ट तयार करून त्या फोल्डरला एजंटला हात लावता येणार नाही असे करावे, आणि मग कोड मागावा. एका वेळी एकच बदल मागावा. दोनशे ओळींहून मोठा बदल एकदम आला तर माणूस तो वाचत नाही, वरवर नजर टाकून पास करतो.

सुरक्षेचे थोडक्यात पण ठासून सांगतो. एजंटला चालू सर्व्हरचा पासवर्ड देऊ नये. नकली नावे घातलेल्या प्रतीवर त्याला काम करू द्यावे. तोंडी किंवा लेखी सूचना म्हणजे कुलूप नव्हे. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या सेवेच्या एआय एजंटने, काहीही बदलू नको असे बजावलेले असताना, एका अमेरिकन उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसला, आणि असे कधीच व्हायला नको होते हे कंपनीच्या प्रमुखांनी जाहीरपणे मान्य केले. दुसरे, एआयने सुचवलेली प्रत्येक लायब्ररी अस्तित्वात आहे का, कोणाची आहे, किती जुनी आहे हे पाहूनच ती बसवावी. एका अभ्यासात १६ मॉडेलांकडून ५ लाख ७६ हजार कोडचे नमुने घेतले, तेव्हा सुचवलेल्या पॅकेजांपैकी, म्हणजे अशा लायब्ररींपैकी, सुमारे एक पंचमांश पॅकेजे कुठेच अस्तित्वात नव्हती. अशाच काल्पनिक नावाने कोणी घातक पॅकेज नोंदवून ठेवले, तर ते आपण आपल्या हाताने सर्व्हरवर आणून बसवतो. तिसरे, बग (कोडमधली चूक) शोधताना पाहुण्यांची खरी यादी किंवा कर्जदारांचे खाते चॅटमध्ये चिकटवू नये. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत, आणि सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लहान हॉटेलमालकाला हे अजून कोणी नीट सांगितलेले नाही.

आता दराचा प्रश्न. उदाहरणादाखल १०० तासांचे एक काम घ्या. गरज समजून घेण्यात २५ तास, कोड लिहिण्यात ३०, टेस्टमध्ये २०, जुना डेटा आणण्यात १५, बसवून देणे व शिकवणे १०. एआयने ३० चे १० तास केले असे धरू. २० वाचले, पण एआयचा कोड वाचून तपासायला ५ वाढले. निव्वळ बचत १५ तासांची. ग्राहकाने १५ टक्के सूट मागितली तर ती त्याच्या हक्काची आहे आणि द्यायला हवी. ७० टक्के मागितली तर कंपनी ती टेस्ट आणि समजून घेण्याच्या तासांतूनच कापणार, आणि वर सांगितलेले सगळे खड्डे त्याच तासांत सापडत असतात. बचतीचा अंदाजही जपून करावा लागतो. अमेरिकेतील मेटर या संशोधन संस्थेने जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १६ अनुभवी प्रोग्रामरनी आपापल्या परिचयाच्या प्रकल्पांतली २४६ कामे केली. एआय वापरून केलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि त्यांना स्वतःला मात्र २० टक्के वेळ वाचला असे वाटत होते. त्यानंतर साधने सुधारली आहेत हे खरे. तरी ‘वाटते’ आणि ‘मोजले’ यांतला फरक प्रत्येक कंपनीने आपल्यापुरता मोजून पाहावा.

गोव्यातल्या ज्या लहान कंपन्या परदेशी ग्राहकांना माणसाच्या तासावर बिल लावतात, त्यांच्यावर जास्त ताण येणार आहे. तास कमी झाले की उत्पन्न घटते, आणि उत्पन्न टिकवायचे म्हणून तास फुगवले तर ग्राहकाला ते कळते, कारण तोही तेच साधन वापरतो. त्यांनी कामाच्या टप्प्यावर आणि देखभालीच्या वार्षिक करारावर दर लावायला सुरुवात करावी. एआयचा खर्चही आधी धरावा. वर्गणी माणशी दरमहा ठरलेली असते, पण एजंट दिवसभर चालवला की मर्यादा संपते आणि पुढे टोकनप्रमाणे, म्हणजे वापरलेल्या मजकुराच्या तुकड्यांप्रमाणे, बिल येते. ते कोणी भरायचे हे करारात नसेल तर वर्षअखेरीस वाद ठरलेला.

सगळ्यात जास्त काळजी आम्हाला नव्या मुलांची वाटते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतील वेतनाच्या नोंदींवरून दाखवले की, एआयचा परिणाम जास्त असलेल्या व्यवसायांत २२ ते २५ वयाच्या कामगारांचा रोजगार तुलनेने १३ टक्क्यांनी घटला. अनुभवी लोकांवर तसा परिणाम दिसला नाही. कारण उघड आहे. फ्रेशरला पहिल्या वर्षी जी कामे दिली जात ती नेमकी एआय करते. पण ती कामे करतच तो तपासणारा होत असे. आज फ्रेशर घेतले नाहीत तर पाच वर्षांनी एआयचा कोड वाचून ‘हे चुकले’ म्हणणारा माणूस कुठून आणायचा, याचा विचार इथल्या कंपन्या करताना दिसत नाहीत. फ्रेशर घ्यावेत आणि त्यांचे काम बदलावे. पहिले सहा महिने ग्राहकाची तक्रार ऐकून तोच बग पुन्हा घडवून दाखवणे, टेस्टचे तक्ते भरणे, एआयचा कोड सीनियरबरोबर बसून ओळीने वाचणे. पगार तोच, शिकणे जास्त.

फर्मागुडी, वेर्णा, फातोर्डा, शिरोडा, आसगाव इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांना एक विनंती. शेवटच्या वर्षाला दरवर्षी नवा प्रकल्प कशाला? तो आता एआय एका रात्रीत लिहून देते, आणि परीक्षकांनाही ते माहीत असते. मागच्या तुकडीचा प्रकल्प पुढच्या तुकडीच्या हाती द्यावा: त्यातले बग काढा, नवा नियम आला तर बदल करा, जुना डेटा न गमावता नव्या आवृत्तीवर आणा. तोंडी परीक्षेत मुलाच्या स्वतःच्या कोडमध्ये एक अट समोर बदलायला सांगावी, साधन बंद ठेवून. एक पेपर फक्त वाचनाचा असावा: तीनशे ओळींचा कोड, त्यात पेरलेल्या चार चुका, दोन तास. शाळांत केअर्स योजनेतून कोडिंग शिकवले जाते, तिथेही ‘प्रोग्राम बनव’ याच्या जोडीला ‘हा प्रोग्राम कुठे फसेल ते सांग’ हा प्रश्न सहज घालता येईल. पालकांना आमचे उत्तर असे की, मुलाला हिशेब, तर्क आणि दुसऱ्याचे म्हणणे नीट ऐकून घेण्याची गोडी असेल तर प्रवेश जरूर घ्यावा. केवळ टायपिंगसारखा कोड शिकून नोकरी मिळेल या आशेवर घेऊ नये.

सॉफ्टवेअर घेणाऱ्यांनी सही करण्यापूर्वी करारात पाहायच्या गोष्टी फार नाहीत. सोर्स कोड आणि त्याची रेपॉझिटरी (तो साठवण्याची जागा) आपल्या नावावर आहे का. आपला टेस्टचा तक्ता कराराला जोडला आहे का, आणि तो पास झाल्यावरच शेवटचा हप्ता द्यायचा आहे का. कोणता डेटा एआय सेवेकडे जाणार, कोणता नाही. बॅकअपवरून सगळे परत उभे करण्याची चाचणी वर्षातून दोनदा होणार का. आमच्या मते यातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच शेवटची. बॅकअप सगळे घेतात, पण तो उघडून कोणी पाहत नाही.

हे प्रत्येक हॉटेलने आणि प्रत्येक देवस्थान समितीने एकेकट्याने करावे ही अपेक्षा अवास्तव आहे. राज्याच्या माहिती तंत्रज्ञान खात्याने आणि गोवा चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्रीने मिळून दोन पानी नमुना करार मराठी, कोकणी आणि इंग्रजीत काढावा, आणि त्याला जोडून हॉटेलच्या करआकारणीचा सर्वांसाठी खुला टेस्टचा तक्ता ठेवावा, सीएकडून तपासून घेतलेला आणि दर बदलले की त्याच आठवड्यात सुधारलेला. तक्त्याचा पहिला मसुदा आम्ही विनामूल्य करून द्यायला तयार आहोत.

आपले,
गोव्यातील काही सॉफ्टवेअर व्यावसायिक
पर्वरी, बार्देश